पाठमोरी

स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा मी बंद केला, नळ बंद केला, आणि घर एकदम गप्प झालं. आमच्याकडे संध्याकाळ अशी गप्प नसते. संध्याकाळी आमच्याकडे मालिका चालू असते, तीच ती, आमची. मला वाटलं, उस्तादाला डुलकी लागली असेल, नाहीतर तो जिन्यात शेजाऱ्याशी गप्पा छाटत उभा असेल. उस्ताद म्हणजे माझा नवरा. छापखान्यात त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, लग्नानंतर मीही तेच उचललं. हात पुसत दारात आले तर टीव्हीचा पडदा चालू होता. मालिकेतली मालकीणबाई आचाऱ्याला फैलावर घेत होती, आचारी हातातला झारा नाचवत होता, आणि हे सगळं मुक्यानं. मग आठवलं, दुपारी इस्त्रीसाठी मी स्पीकरचा प्लग काढला होता आणि परत लावायला विसरले होते. उस्ताद मांडीवर उशी घेऊन मजेत बसला होता. आचाऱ्यानं कमरेचा एप्रन काढून जमिनीवर आपटला, दर दोन-तीन भागांनी तो नोकरी सोडतो तेव्हा आपटतो तसा, आणि उस्ताद खो खो हसला. अगदी हसायच्या जागी. मी दिसले तसा सोफ्यावर हात थोपटून म्हणाला, "ये लवकर, आज भलताच पेटलाय." मी जाऊन शेजारी बसले. म्हणणार होते की अरे, आवाज कुठाय? शब्द ओठांवर आले होते. पण तो इतका रंगला होता की मला वाटलं, थोडं थांबू, बघू कधी कळतं. ते काही कळेना. मालकीणबाई बोलत होती, जज्जसाहेब जिना उतरत होते, शेजारच्या घरातल्या खुर्चीची करकर मला भिंतीतून ऐकू येत होती, आणि उस्ताद मान हलवत म्हणाला, "काय बोलते ही बाई!" शेवटी मी उठले आणि प्लग लावला. आवाज धाडकन खोलीत आला. मी दचकले. तो दचकला नाही.

त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आता सांगताना हे विचित्र वाटतं, कारण गप्प बसणं हा माझा गुण नाही. माझी धाकटी बहीण म्हणते की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ती खोटं बोलत नाही. पण यात एक अडचण होती. मी एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार कक्षात बसते. शहरात कुठेही लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसानं लाल बटण दाबलं की तो फोन आमच्या कानात वाजतो. मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहणं हे माझं काम. घाबरू नका, हवा आत येते, लिफ्ट पडत नाही, दार आपटू नका, तुमचं नाव सांगा, कुठल्या मजल्यावर चालला होतात. अनोळखी माणूस नुसता श्वास घेतो त्यावरून मला कळतं की हा रडणार आहे, हा शिव्या देणार आहे, की हा मला विनोद सांगणार आहे. या कानांच्या जोरावर मी नोकरीत वर चढले, नव्या मुलींना शिकवते, पोरींनो, शब्द ऐकू नका, शब्दांच्या मागचं ऐका. आणि घरी माझ्या सोफ्यावर, माझ्या हातभर अंतरावर एक माणूस बहिरा होत गेला आणि मला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लाजेपेक्षाही मला त्याचा राग आला होता. मग रागाचा मुलामा निघाला आणि खाली भीती दिसली, तिला मात्र मी बघायला तयार नव्हते.

मी त्याची परीक्षा घ्यायला लागले, चोरून. तो ओट्याशी कांदा चिरत असताना मागे उभी राहून म्हणाले, "चहा घेणार?" कांदा चिरणं चालूच. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "तुझी ती निळी हत्यारांची पेटी मी भंगारवाल्याला देऊन टाकली." या वाक्यावर धरणीकंप व्हायला हवा होता. सुरी टकटक चालत राहिली. मी वळसा घालून समोर गेले आणि तेवढ्याच आवाजात विचारलं, "चहा?" तो म्हणाला, "हो, पण अर्धाच." म्हणजे तोंड दिसलं की ऐकू येतं. मग एकेक गोष्ट डोक्यात उजळायला लागली. घरातला फोन तो कधी उचलत नाही, म्हणतो फोन हे तुझं खातं. बाहेरून काही सांगायचं असलं की लिहून पाठवतो, मोठमोठे निरोप, स्वल्पविरामासकट. चारचौघांत जेवायला बसलो की तो टेबलाचं टोक पकडतो, तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. रस्त्यानं चालताना तो माझ्या अर्धं पाऊल पुढे असतो आणि सारखा वळून माझ्याकडे बघतो. हे मला फार आवडायचं. बहीण एकदा म्हणाली होती, "माझा मेला पुढे चालतो तो चालतो, मागे मी आहे की गटारात पडले ते बघतही नाही, आणि तुझा बघ." मी मिरवले होते त्या वळून बघण्यावर. आणि सोफ्यावर तो कधी सरळ बसत नाही. थोडा माझ्याकडे तिरका बसतो, एक डोळा पडद्यावर, एक माझ्यावर. मी समजले होते की याला मी अजून बघावीशी वाटते. आता रोज कामावर जाताना मी हेच उगाळत होते. जे मी इतकी वर्षं प्रेम म्हणून घरात जपून ठेवलं ते सगळं बहिरेपण निघालं तर?

आणि त्याहून खाली, अगदी तळाशी, मालिका होती. हसण्यासारखं आहे, मला माहीत आहे. पण मी लहानपणापासून अशीच आहे. पाहिलेलं पुन्हा पाहावं, वाचलेलं पुन्हा वाचावं, माहीत असलेल्या गल्लीनं पुन्हा जावं. आई म्हणायची, "ही कार्टी शिळं उकरून खाते." भाऊ माझ्या हातातलं पुस्तक ओढून शेवट मोठ्यानं वाचायचा, आणि मी चिडत नाही म्हणून तोच चिडायचा. मला शेवट माहीतच असायचा. शेवट माहीत असला की माणूस निवांत बसतो, वाटेतली झाडं बघतो. दिवसभर माझ्या कानात जी माणसं असतात त्यांना शेवट माहीत नसतो. दार उघडणार आहे हे मला माहीत असतं, त्यांना नसतं, त्यामुळे त्यांना त्या चार भिंतींत काहीच दिसत नाही. एकदा एक म्हातारबाबा अडकले होते, मी माझी पोपटपंची सुरू केली तर म्हणाले, "बाई, सावकाश पाठवा माणूस. ही लिफ्ट मला आठवड्याला एकदा अडकवते. मी शेंगदाणे घेऊनच चढतो." त्या माणसावर मी खूश झाले होते. घरी येऊन उस्तादाला सांगितलं तर तोही खूश झाला. म्हणाला, हा आपल्या जातीचा. आपल्या जातीचा! मला एवढंच हवं होतं आयुष्यात. या खोडीपायी मी घरात, शाळेत, मैत्रिणींत एकटी होते. हा माणूस भेटला आणि मी एकटी राहिले नाही.

तो भेटला छापखान्यात. कंपनीचे कागद छापून घ्यायला मी गेले होते. आत दोन अजस्र यंत्रं धाडधाड चालू होती, पायाखालची फरशी थरथरत होती, आणि सगळी माणसं एकमेकांशी आरामात बोलत होती. ओरडत कुणी नव्हतं. ओठ हलवायचे, भुवई उडवायची, दोन बोटं दाखवायची, की हॉलच्या त्या टोकाला निरोप पोहोचला. ओरडून बोलणारा तिथे नवशिका समजला जाई. मी काउंटरवर घसा फोडून सांगत होते की अक्षरं निळी हवीत, काळी नकोत, आणि लांब यंत्रापाशी उभा असलेला एक जण माझ्या तोंडाकडे बघून निळ्या शाईचा डबा वर करून दाखवत होता. तो उस्ताद. पुढे मी विनाकारण कागद छापून घ्यायला लागले. साहेब म्हणाले, एवढे तक्रारीचे कागद, लिफ्ट एवढ्या वाईट आहेत का आपल्या? लग्न झालं तेव्हा आमची मालिका टीव्हीवर आठवड्याला एकदा लागायची. नदीकाठचं एक जुनं अतिथिगृह, ते चालवणारी एकटी मालकीणबाई, वरच्या मजल्यावर कायमचे राहायला आलेले निवृत्त जज्जसाहेब, सारखा रुसणारा आचारी, आणि येऊन जाणारे पाहुणे. बस, एवढंच. कुणी कुणाचा खून करत नाही. उस्तादाची संध्याकाळची पाळी असायची, त्याला ती बघायला मिळत नसे. म्हणून तो आला की त्याला जेवायला वाढून मी समोर बसायची आणि अख्खा भाग सांगायची, सगळ्यांचे आवाज काढून, आचाऱ्यासारखा एप्रन आपटून. तो घास हातात धरून ऐकायचा. शेवटचे दोन भाग मात्र मी सांगितले नाहीत. म्हटलं, हे सांगायचं नसतं, हे तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग माझा पाय मोडला, प्लास्टर घालून मी पडून होते, तेव्हा त्यानं कुठून कुठून हिंडून सगळे भाग मिळवून आणले आणि आम्ही ते एकत्र पाहिले. प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी मी म्हणाले, "संपली आता." तो म्हणाला, "मग? पुन्हा पहिल्यापासून लावू." मी त्याच्याकडे बघतच राहिले. हे वाक्य मला कुणी म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता तेच वाक्य मी रोज उलटंसुलटं करून बघत होते, कापड खोटं आहे का ते बघावं तसं. बहीण आणि तिचा नवरा मध्यंतरी पोलिसांची एक नवी मालिका घेऊन आले होते, सगळीकडे गाजत असलेली. आम्ही चौघं बसलो, आणि उस्ताद दहाव्या मिनिटाला झोपला. बहीण रागावली, "तुम्ही दोघं म्हणजे ना, म्हातारेच जन्माला आलात." मी त्याची बाजू घेतली होती, म्हटलं, नव्याचे नऊ दिवस, आमच्या मालकीणबाईची सर तुमच्या पोलिसांना नाही. मनातून मला अभिमान वाटला होता त्याच्या झोपेचा. आता दिसत होतं की त्या मालिकेत सगळं अंधारात घडत होतं, कुणाचं तोंड धड दिसत नव्हतं. झोपेल नाहीतर काय करेल? म्हणजे हा त्याच त्या मालिकेपाशी थांबला तो आवडीनं नाही. त्याला दुसरीकडे जाताच येत नव्हतं. मी ज्या घरात हौसेनं राहत होते तिथे हा अडकून पडला होता, लाल बटण न दाबता. आणि मी शेजारी बसून खुशाल गुणगुणत होते.

तरी रोज संध्याकाळी आम्ही बसत होतो, दुसरं काय करणार. आणि खरं सांगायचं तर बसलं की बरं वाटायचं. मालकीणबाई पडदे झटकायची, उस्तादाचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा, आणि दिवसभराचा तो संशयाचा किडा थोडा वेळ गप्प व्हायचा. मी सुखी बाई आहे, हे मला कबूल करायला हवं. दुःख करायला बसले तरी मधेच मला हसू येतं. असे करत आम्ही शेवटून दुसऱ्या भागाला आलो. त्या भागात नदीकाठचा कठडा आहे. संध्याकाळ आहे, जज्जसाहेब आणि मालकीणबाई कठड्याला टेकून पाण्याकडे बघताहेत. दोघंही आपल्याला पाठमोरी. जज्जसाहेब म्हणतात, "उरलेले दिवस एकाच टेबलावर चहा घेतला तर?" ती उत्तर देते. मग दोघं नुसतीच उभी राहतात. शेवटच्या भागात जज्जसाहेब ट्रंक घेऊन बसमध्ये चढतात आणि मालिका संपते. या कठड्यावर आमचं दर वेळी भांडण होतं. गोड भांडण, पण भांडणच. मी म्हणते, तिनं नकार दिला, म्हणून तो गेला. उस्ताद म्हणतो, तो जुनं घर आवरायला गेलाय, परत येणार. मी म्हणते, "ऐकलंस ना ती काय म्हणाली?" तो म्हणतो, "ऐकलं. पण नाही म्हणणाऱ्या बाईचे खांदे असे नसतात." इतकी वर्षं मी समजत होते की याला चांगलंच व्हायला हवं असतं, हा स्वभावानं आशावादी आहे आणि मी आहे खडूस. दोन स्वभावांचं भांडण म्हणून मी ते जपलं होतं.

त्या संध्याकाळी कठडा आला. जज्जसाहेब बोलले. मालकीणबाई बोलली. मी मालिका थांबवली आणि उस्तादाच्या समोर जाऊन बसले, तिवईवर, गुडघ्याला गुडघा लावून.

"काय म्हणाली ती?"

"कोण?"

"मालकीणबाई. आत्ता. काय म्हणाली?"

"नेहमीचंच." तो हसला. "झालं का तुझं सुरू?"

"नेहमीचं म्हणजे काय? शब्द सांग."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग पडद्याकडे बघितलं, तिथे त्या दोन पाठी थांबलेल्या होत्या. उशीचं टोक त्यानं पिळलं, सोडलं.

"पाठ असते तिची," तो म्हणाला. "मला काय दिसणार?"

एवढं बोलून त्यानं असा श्वास सोडला की मला तो ओळखीचा वाटला. दार उघडल्यावर माणसं तसा सोडतात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझा पाय मोडला त्याच्या आधीपासून शिट्टी वाजायची कानात. मग हळूहळू. आवाज येतो गं. बोलणं येत नाही. पाण्याखालून कुणी बोलल्यासारखं येतं."

"आणि मला सांगायला काय धाड भरली होती?"

"तू दिवसभर कानाला फोन लावून लोकांशी बोलत असतेस. घरी आल्यावर तुला ओरडायला लावू? आणि आमच्या प्रेसमध्ये कुणालाच ऐकू येत नाही. त्यात सांगायचं काय?"

मी रागावले होते, रडायलाही आलं होतं, आणि ही प्रेसची गोष्ट ऐकून हसायलाही येत होतं. तिन्ही एकदम करता येत नाहीत. मग मी मनात असलेलं विचारून टाकलं. "म्हणून तेच ते बघू म्हणायचास? ऐकू येत नाही म्हणून? तुला आवडत नव्हतंच ते कधी?"

त्यानं पटकन नाही म्हणायला हवं होतं. कुठल्याही नवऱ्यानं म्हटलं असतं. पण हा विचार करत बसला. "सुरुवातीला तसंच," तो म्हणाला. "नव्यात मला काही कळेना. यात मला सगळं माहीत होतं."

मी उठायला लागले. त्यानं माझे गुडघे धरले. "पुरतं ऐक तरी. माहीत कसं होतं? तू सांगितलंस म्हणून. जेवायला वाढून समोर बसायचीस आणि सांगायचीस. मला आचारी तुझ्या तोंडचाच ठाऊक आहे, बाईसाहेब. हे पडद्यावरचे लोक नंतर आले. ते तू केलंस तसं करतात की नाही, एवढंच मी बघत बसतो. बरेचदा नाही करत, तो भाग वेगळा." मग म्हणाला, "पोहायला मी भीतीपायीच शिकलो होतो. म्हणून काय मला पाणी आवडत नाही?"

मी तिवईवर परत बसले. माझ्या मनातला तो किडा मेला का? लगेच नाही मेला. असे किडे चिवट असतात. पण मला एकदम दिसलं की याची बसायची तिरकी जागा, एक डोळा पडद्यावर आणि एक माझ्यावर, ती बहिरेपणातून आली असेल तर असू दे. त्या बहिरेपणात त्यानं माझं तोंड जितकं वाचलं असेल तितकं ऐकू येणाऱ्या कुणाही नवऱ्यानं वाचलं नसेल. बहिणीच्या नवऱ्याचे कान शाबूत आहेत. "बरं," मी नाक पुसत म्हणाले, "ती काय म्हणते ते सांगू तुला?" माझे ओठ उघडले होते. त्यानं तळहातानं माझं तोंड झाकलं. "नको. आता नको. मी स्वतः ऐकीन."

मग कानाच्या डॉक्टरीणबाई झाल्या, तपासण्या झाल्या, काचेच्या खोलीत बसून त्यानं बटणं दाबली आणि बहुतेक ठिकाणी दाबली नाहीत. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "हे इतके दिवस कसं निभावत होते?" मी म्हटलं, कलाकार आहे. कानामागे बसणारं यंत्र मिळालं तेव्हा पहिले काही दिवस घरात नुसता गोंधळ. फ्रिजला हा आवाज नेहमीच आहे का? माझ्या चपला अशा फटफट वाजतात? तू भाजी चावताना असा आवाज काढतेस? मी म्हटलं, तो तूच काढतोस. तो बाथरूममधून घाबरून बाहेर आला, म्हणे पाणी किती कर्कश असतं. यंत्र काढून ठेवायचा, पुन्हा लावायचा, चिडायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की मेंदू पुन्हा ऐकायला शिकतो, धीर धरा, ओळखीचं काहीतरी ऐकत चला. ओळखीचं! आम्ही पुन्हा पहिल्या भागापासून सुरू केलं. आणि पहिल्याच भागात त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"तू मधे मधे का बोलतेस?"

"मी? मी कुठे बोलले?"

"बोलतेस. ते बोलायच्या आधी तूच बोलतेस. सगळ्यांची वाक्यं. पुटपुटत."

मला हे खरंच ठाऊक नव्हतं. मी तोंडावर हात ठेवला. म्हणजे मी इतकी वर्षं शेजारी बसून पुटपुटत होते, आणि तो एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होता, ते याच्यासाठी. "मग तुला पाठमोऱ्यांचं पण कळलं असेल की," मी म्हणाले, "माझ्या तोंडावरून." "छे," तो म्हणाला, "जज्जसाहेबांचं कळतं. तिच्या वाक्याला तू तोंड मिटून बसतेस. दर वेळी. ओठ घट्ट." मालकीणबाई नाही म्हणते ते मला इतकं लागत असेल अशी मला कल्पना नव्हती. मला वाटायचं, मी खडूस आहे.

हळूहळू आम्ही पुढे सरकत राहिलो. आता तो अगदी नव्या माणसासारखा बघत होता आणि मला त्याचा हेवा वाटत होता. अतिथिगृहात घड्याळ आहे आणि ते चुकीचे टोले देतं, हे त्याला पहिल्यांदा कळलं. जज्जसाहेबांचा आवाज एवढा बारीक असेल असं त्याला वाटलं नव्हतं, त्या मिशांना तो शोभत नाही म्हणाला, दोन दिवस त्या आवाजावर रुसला होता. नदी वाहते तिचा आवाज ऐकून म्हणाला, "हे मागे सारखं काय चालू आहे?" मी म्हटलं, नदी. "नदी," तो म्हणाला आणि तो प्रसंग मागे नेऊन त्यानं पुन्हा नुसती नदी ऐकली. आम्ही पुन्हा पाहणारे लोक एका गोष्टीसाठी जीव टाकतो, ती म्हणजे पहिल्यांदा पाहणं परत मिळावं. ते कुणालाच मिळत नाही. याला मिळालं होतं, आणि मला त्याच्या शेजारी बसायला मिळालं होतं.

कठड्याचा भाग आला त्या दिवशी मी पडद्याकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघत बसले. जज्जसाहेबांचा तो बारीक आवाज आला, उरलेले दिवस एकाच टेबलावर चहा घेतला तर. मग थोडा वेळ नदी. मग मालकीणबाई म्हणाली, "जज्जसाहेब, खोली तुमची राहील. मी मात्र अशीच बरी आहे." उस्ताद हलला नाही. यंत्राच्या आसपास कानाची पाळी जरा लाल झाली होती. दोघं पाठमोरी उभी राहिली, भागाचं संगीत वाजलं, नावं वर सरकायला लागली. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते आणि मला ते मुळीच नको होतं.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला.

"असू दे."

"नाही, स्पष्टच म्हणाली की. अशीच बरी आहे म्हणाली." त्यानं मान हलवली. "माझं वाक्य बरं होतं पण."

"तुझं कुठलं वाक्य?"

"अगं, काहीतरी म्हणते आहे हे दिसत होतं. ऐकू येत नव्हतं. मग मी आपलं एक धरून चाललो होतो."

इतकी वर्षं आम्ही त्या कठड्यावर भांडलो आणि हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं. "काय धरून चालला होतास?"

तो लाजला. या वयात, केस गेलेला माणूस, लाजला. "काही खास नाही. तो विचारतो ना, एका टेबलावर चहा घेतला तर. तर ती म्हणते, उद्या येताना दूध आणा. बास. एवढंच."

मी उठले, कपबशा उचलल्या आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला, बशी धुतली, नळ बंद केला. माझी पाठ त्याच्याकडे होती आणि मी वळले नाही. आवाजही चढवला नाही. खिडकीच्या काचेला सांगावं तसं, माझ्या रोजच्या आवाजात म्हणाले, "उद्या येताना दूध आण."

खोलीत नावांचं संगीत संपत आलं होतं. मी बशी हातात धरून उभी राहिले.

"एक पिशवी का दोन?" तो खोलीतून म्हणाला.